डीटीएच कंपन्या एक झाल्या किंवा चॅनेलचा करार मोडला, तर छत्री, बॉक्स आणि रिचार्जचं काय होतं?

गच्चीवरची_छत्री (प्रश्न)

डिश टीव्ही आणि व्हिडिओकॉन डीटूएच एक होऊन कितीतरी वर्षं झाली, तरी दोन्ही नावं अजून बाजारात आहेत. टाटा प्ले आणि एअरटेल डिजिटल टीव्हीचं जमणार जमणार म्हणता मे २०२५ मध्ये बोलणी संपली. तिकडे स्टार आणि व्हायाकॉम१८ मिळून जिओस्टार झालं, झी आणि सोनीचं मात्र मोडलं. या सगळ्यात ग्राहकाच्या हातात नेमकं काय बदलतं ते कुठे नीट सापडत नाही.

३६ घरांच्या सोसायटीसाठी विचारतोय. गच्चीवर दोन कंपन्यांच्या सामाईक छत्र्या, खाली मल्टीस्विच (छत्रीचा सिग्नल सगळ्या घरांत वाटणारा डबा), प्रत्येक घरात आपापला बॉक्स अशी रचना आहे. दोन डीटीएच कंपन्या एक झाल्या तर छत्री आणि बॉक्स बदलावे लागतात का? एखादी वाहिनी अचानक गेली तर दोष छत्रीचा की कराराचा, हे घरबसल्या कसं ओळखायचं? आणि या कंपन्या भांडतात ती नक्की कशावरून? वर्षभराचं रिचार्ज एकदम भरावं की नाही, हे त्यावरच ठरणार आहे.

मल्टीस्विच_मामा

डीटीएच कंपनी म्हणजे वाहतूकदार आणि चॅनेलवाली कंपनी म्हणजे मालवाला, एवढं धरून चला. दोन वाहतूकदार एक झाले तर प्रश्न छत्रीचा. मालवाल्याशी वाजलं तर प्रश्न कराराचा, तिथे छत्रीचा काही संबंध नाही. मी फक्त पहिल्याबद्दल लिहितो.

डिश-डीटूएच हेच उदाहरण घ्या. घोषणा ११ नोव्हेंबर २०१६ ला झाली, स्पर्धा आयोगाची मंजुरी मे २०१७ मध्ये आली, कंपनी न्यायाधिकरणाची जुलैत, आणि प्रत्यक्ष विलीनीकरण २२ मार्च २०१८ ला झालं. डीटूएचच्या एका शेअरमागे डिशचे २.०२ शेअर असा हिशोब होता. हे सगळं कागदावर. आकाशात काय झालं? काहीच नाही. डिशचे चॅनेल ९५° पूर्वेच्या उपग्रहावरून येत होते, डीटूएचचे ८८° पूर्वेच्या. दोघांचे बॉक्स वेगळे, चॅनेल उघडणारी कार्ड-प्रणाली वेगळी. डीटूएचचा बॉक्स डिशच्या छत्रीला जोडून चालत नाही. म्हणून नाव, नंबर आणि पॅक दोन्हीकडे वेगळे चालू राहिले.

कंपनी सगळ्यांना एका उपग्रहावर का आणत नाही? तोच माल दोन उपग्रहांवरून पाठवायचा म्हणजे ट्रान्सपाँडरचं (उपग्रहावर चॅनेल पुढे पाठवणाऱ्या यंत्राचं) भाडं दुप्पट, ते वाचवायला हवंच की. पण समजा एका घराला नवा बॉक्स आणि माणसाची फेरी मिळून १,५०० रुपये लागले (हा आकडा फक्त हिशोबापुरता), तर १ कोटी घरांचे १,५०० कोटी होतात. शिवाय "बॉक्स बदलायचाच आहे तर दुसरी कंपनी बघू" म्हणून निम्मे ग्राहक त्याच आठवड्यात निसटतील. त्यामुळे विलीनीकरण झालं की पहिली काही वर्षं बचत होते ती चॅनेलवाल्यांशी घासाघीस करण्यात, कॉल सेंटरात आणि दुकानदाराच्या कमिशनात. छत्रीला कोणी हात लावत नाही.

आता कोन. पुण्यातून मोजले तर अंदाजे असे येतात (दिगंश उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने, उन्नतांश क्षितिजापासून वर):

टाटा प्ले, ८३° पूर्व: दिगंश १५३, उन्नतांश ६६
डीटूएच, ८८° पूर्व: दिगंश १४१, उन्नतांश ६३
डीडी फ्री डिश, ९३.५° पूर्व: दिगंश १३२, उन्नतांश ५९
डिश टीव्ही, ९५° पूर्व: दिगंश १२९, उन्नतांश ५७
एअरटेल, १०८.२° पूर्व: दिगंश ११५, उन्नतांश ४५

नागपूरला हे आकडे चालणार नाहीत. तिथे ८३° साठी दिगंश जवळजवळ १६९ येतो. आपल्याकडे चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत नगण्य फरक आहे, त्यामुळे साधं होकायंत्र पुरतं. फक्त ते लोखंडी कठड्याजवळ धरू नका, काटा दहा-पंधरा अंश सहज हलतो. आणि छत्री ऑफसेट प्रकारची (सिग्नल तिरका पकडणारी) असते, तेव्हा उन्नतांश ५७ असला तरी तिचं तोंड दिसायला बरंच सरळ दिसतं. नवखे लोक ती आभाळाकडे उताणी करून बसतात आणि सिग्नल शोधत राहतात.

टाटा प्ले आणि एअरटेल एक झाले असते तरी ८३ आणि १०८.२ यांत २५ अंशांचा फरक आहे. ६० सेंटिमीटरच्या एका छत्रीवर दोन एलएनबी (छत्रीसमोरचा सिग्नल पकडणारा तुकडा) बसवून तो भरून निघत नाही. ८८ आणि ९५ मध्ये सातच अंश आहेत, तिथे एका छत्रीवर दोन एलएनबी बसतात. पण दोघांमधलं अंतर जेमतेम पाच-सहा सेंटिमीटर येतं, म्हणून बारीक मानेच्या एलएनबी लागतात.

तुमच्या मल्टीस्विचपुरतं सांगायचं तर आज काही बदलू नका. गच्चीवर तिसऱ्या छत्रीसाठी एक खांब आणि शाफ्टमधून चार मोकळ्या आरजी-६ (छत्रीच्या नेहमीच्या) केबल टाकून ठेवा, एवढं बास.

आरआयओ_वाचक

मामांनी छत्रीचं सांगितलं, मी करारावर येतो. खरी मारामारी तिथेच असते.

आपल्याकडे चॅनेल कंपनीला "मी अमक्याला चॅनेल देणारच नाही" म्हणता येत नाही. ट्राय म्हणजे दूरसंचार आणि प्रसारणाची नियामक संस्था, तिच्या २०१७ च्या नियमांप्रमाणे मागणी आली की ठरलेल्या मुदतीत सिग्नल द्यावाच लागतो, आणि तोही सगळ्यांना एकाच दरपत्रकाने. हे दरपत्रक म्हणजे संदर्भ करारपत्र, धंद्यातले लोक त्याला आरआयओ म्हणतात. ते संकेतस्थळावर जाहीर करावं लागतं. भांडण सुरू होतं ते या दरपत्रकातल्या सवलतींवरून.

समजा एका वाहिनीची किंमत १९ रुपये आहे. त्यातले किमान २० टक्के, म्हणजे ३.८०, वितरकाचे (डीटीएच किंवा केबल). त्यावर आणखी १५ टक्क्यांपर्यंत सवलत देता येते, म्हणजे जास्तीत जास्त २.८५. चॅनेल कंपनीला मग १२.३५ ते १५.२० यांच्यामध्ये काहीतरी मिळतं. ही वरची १५ टक्के सवलत कशावर द्यायची ते आरआयओत लिहिलेलं असतं: किती टक्के घरांत वाहिनी पोचवली, कुठल्या क्रमांकावर ठेवली, कुठल्या पॅकमध्ये घातली. एक कोटी घरं असतील तर घरामागे रुपया-दोन रुपयांचा फरक म्हणजे महिन्याला कोटी-दोन कोटी. डीटीएचवाला म्हणतो, तुझा अख्खा संच (वाहिन्यांचा गठ्ठा) मी प्रत्येक पॅकमध्ये कोंबणार नाही, ग्राहक महाग म्हणून पळतात. चॅनेलवाला म्हणतो, कोंबला नाहीस तर सवलत विसर.

दुसरं भांडण घरं मोजण्याचं. ग्राहकसंख्या महिन्यातून चार वेळा मोजतात: ७, १४, २१ आणि २८ तारखेला, संध्याकाळी ७ ते रात्री ११ च्या दरम्यान. चारही आकड्यांची सरासरी काढून बिल बनतं. ही नोंद वितरकाच्याच सर्व्हरमधून येते. चॅनेलवाल्यांना कायम शंका असते की, विशेषतः केबलमध्ये, घरं कमी दाखवली जातात. म्हणून लेखापरीक्षण, आणि लेखापरीक्षणावरून पुन्हा वाद.

तिसरी गोष्ट उलट्या दिशेची, कॅरेज फी. नवी किंवा कमी चालणारी वाहिनी स्वतःच वितरकाला पैसे देते. वाहिनीला घरामागे महिन्याला २० पैसे ही कमाल मर्यादा, आणि वाहिनी २० टक्के घरांत पोचली की फी शून्य. २०२० मध्ये त्यावर एका वाहिनीला महिन्याला ४ लाख रुपयांचं झाकण बसवलं. गणित करून बघा: २० पैशांनी ४ लाख होतात ते २० लाख घरांना. म्हणजे त्याहून मोठ्या वितरकाला जास्तीच्या घरांमागे काही मिळत नाही. छोट्या मराठी वाहिन्यांना हे झाकण फार उपयोगाचं आहे. मोठ्या नेटवर्कला त्याचं काही नाही, ते कॅरेज फी देतच नाहीत.

ग्राहकाच्या बाजूचे आकडे थोडक्यात. फेब्रुवारी २०१९ पासून नवी पद्धत लागू झाली तेव्हा नेटवर्क क्षमता शुल्क (वाहिन्यांच्या दरापेक्षा वेगळं, जोडणीचं मासिक शुल्क) पहिल्या १०० वाहिन्यांना १३० रुपये, जीएसटी धरून १५३.४० होतं. २०२० च्या दुरुस्तीने त्याच १३० त २०० वाहिन्या आल्या. जुलै २०२४ मध्ये या शुल्कावरची कमाल मर्यादाच उठली, आता ते कंपनी ठरवते. संचात घालायच्या वाहिनीची किंमत १९ रुपयांच्या वर नको, ही मर्यादा आधी १२ वर आणली होती, नोव्हेंबर २०२२ च्या दुरुस्तीने पुन्हा १९ केली. आणि संचावर जास्तीत जास्त ४५ टक्के सूट. दहा वाहिन्यांची सुटी बेरीज ६० रुपये असेल तर संच ३३ च्या खाली विकता येत नाही.

एलएनबी_१८व्होल्ट

ओळखायचं कसं, हा प्रश्न अजून कोणी घेतला नाही. पडद्यावरचा संदेश वाचायच्या आधी एक गोष्ट करा: *कुठल्या* वाहिन्या गेल्या त्याची यादी कागदावर लिहा. निम्मं निदान तिथेच होतं.

गेलेल्या सगळ्या वाहिन्या एकाच मालकाच्या असतील (नुसत्या झीच्या, नुसत्या सोनीच्या) आणि शेजारच्या कंपनीच्या छत्रीवर त्याच वाहिन्या नीट दिसत असतील, तर करार. छत्रीवर चढू नका.

गेलेल्या वाहिन्यांत सगळ्यांची सरमिसळ असेल, एक बातम्यांची, दोन सिनेमाच्या, एक लहान मुलांची, तर सिग्नल. उपग्रहावर वाहिन्या मालकानुसार बसवलेल्या नसतात, एका ट्रान्सपाँडरवर वेगवेगळ्या मालकांच्या बऱ्याच वाहिन्या एकत्र असतात. त्यातही साधारण अर्ध्या वाहिन्या गेल्या आणि अर्ध्या ठणठणीत, असं असेल तर ध्रुवीकरणाचा (लहरी उभ्या की आडव्या, याचा) घोटाळा समजा. बॉक्स एलएनबीला १३ व्होल्ट देतो तेव्हा उभ्या ध्रुवीकरणाचे ट्रान्सपाँडर येतात, १८ व्होल्ट दिले की आडवे. केबल लांब, स्वस्त किंवा जोडापाशी गंजलेली असेल तर १८ चे वाटेत १४-१५ होतात, एलएनबीला वाटतं १३ च आलेत, आणि आडवे ट्रान्सपाँडर सगळे गुल. बॉक्स बदलून हे सुटत नाही. एलएनबीच्या टोकाला मल्टिमीटर लावून व्होल्टेज बघा, एफ-कनेक्टर कापून नवा बसवा.

तुमच्याकडे मल्टीस्विच आहे म्हणून एक जास्तीची गोम. छत्रीपासून मल्टीस्विचपर्यंतच्या चारपैकी एक केबल गेली तर त्या कंपनीच्या सगळ्या घरांत त्याच वाहिन्या एकदम बंद होतात. सोसायटीच्या व्हॉट्सॲपवर लगेच "कंपनीने चॅनेल काढले" सुरू होतं. सगळ्या घरांत गेलं म्हणजे करार, असं अजिबात नाही. यादी बघा, मालक बघा.

सगळंच गेलं असेल तर रिचार्ज, मल्टीस्विचचा वीजपुरवठा, छत्री, या क्रमाने तपासा. मुसळधार पावसात वीस मिनिटं गेलं आणि आलं, तर काहीच करू नका.

एखादीच वाहिनी गेली आणि पडद्यावर "आपण सदस्य नाही" अशा अर्थाचा संदेश असेल, तर ती तुमच्या पॅकमधून निघाली आहे, मंचावरून (म्हणजे डीटीएच कंपनीकडूनच) नाही. हा तिसरा प्रकार लोक कायम पहिल्यात घालतात. २०२४ मध्ये टाटा प्लेने बऱ्याच पॅकमधून सोनीच्या वाहिन्या कमी केल्या तेव्हा तसंच झालं. वाहिन्या सुट्या मागून मिळत होत्या, पण पॅकमध्ये नव्हत्या. अशा वेळी ॲपमधून ती एक वाहिनी जोडा, बॉक्स त्या वाहिनीवर चालू ठेवून दहा-पंधरा मिनिटं थांबा, नाही आली तर ॲपमधूनच रिफ्रेशचा संदेश पाठवा. बॉक्स बंद असताना पाठवलेला संदेश वाया जातो.

गच्चीवरची_छत्री

हे फार उपयोगी आहे. पण आरआयओ_वाचक, चॅनेल कंपनीला द्यावंच लागतं म्हणता, मग फेब्रुवारी २०२३ मध्ये केबलवाल्यांकडे तीन-तीन कंपन्यांचे चॅनेल एकदम कसे गेले? तेव्हा नोटीस वगैरे काही नसते का?

आरआयओ_वाचक

"द्यावंच लागतं" याचा अर्थ "करारावर सही केली तर". तिथेच गाडी अडली होती. नोव्हेंबर २०२२ ची दुरुस्ती १ फेब्रुवारी २०२३ पासून लागू झाली. कंपन्यांनी नवे आरआयओ काढले, त्यात बऱ्याच वाहिन्यांचे दर चढे होते. मोठ्या केबल कंपन्यांच्या महासंघाने सह्या करायला नकार दिला आणि केरळ उच्च न्यायालयात दाद मागितली. १८ फेब्रुवारीला डिस्ने स्टार, झी आणि सोनी यांनी सही न केलेल्यांचा सिग्नल तोडला. महासंघाच्या म्हणण्याप्रमाणे साडेचार कोटी घरांना फटका बसला. आठवड्याभरात सह्या झाल्या, वाहिन्या परत आल्या. दर तेच राहिले.

डीटीएचवाल्यांच्या सह्या आधीच झाल्या होत्या, त्यामुळे त्यांच्याकडे काही गेलं नाही. केबलच्या ग्राहकाला शेजारच्या छत्रीवर मालिका दिसत होती आणि आपल्याकडे काळा पडदा. ताणून धरण्यात कोणाचं नुकसान जास्त होतं, ते त्या आठवड्यात कळलं.

नोटिशीचा क्रम असा. जुना करार संपायच्या किमान ६० दिवस आधी चॅनेल कंपनीने वितरकाला नव्या कराराची नोटीस द्यायची. करार होत नसेल तर मुदत संपायच्या १५ दिवस आधी वितरकाने त्या वाहिन्यांवर पट्टी चालवायची: करार कधी संपतो, सिग्नल कधी बंद होईल. आणि करार चालू असताना पैसे थकले किंवा अटी मोडल्या म्हणून तोडायचं असेल तर तीन आठवड्यांची लेखी नोटीस, कारणांसह. पट्टी बहुतेक लोक वाचत नाहीत, कारण तिच्यावर आधी स्वतःच्याच पॅकची जाहिरात असते. पण तारीख त्यातच असते. दिसली की मोबाइलने फोटो काढून ठेवा, पुढे तक्रारीत कामाला येतो.

भागधारक_नव्हे_प्रेक्षक

वर मालवाल्यांच्या विलीनीकरणाचा भाग राहून गेलाय. तुमच्या खिशाला तोच जास्त लागतो.

जिओस्टार: करार २८ फेब्रुवारी २०२४, स्पर्धा आयोगाची मंजुरी २८ ऑगस्ट, व्यवहार पूर्ण १४ नोव्हेंबर २०२४. किंमत ७०,३५२ कोटी रुपये धरली होती. रिलायन्स १६.३४ टक्के, व्हायाकॉम१८ ४६.८२, डिस्ने ३६.८४. शंभराहून जास्त वाहिन्या एका घरात आल्या. मराठी प्रेक्षकाच्या दृष्टीने सांगायचं तर स्टार प्रवाह आणि कलर्स मराठी हे कालपर्यंतचे प्रतिस्पर्धी एकाच दरपत्रकाखाली आले. पूर्वी स्टारशी बिनसलं तर डीटीएचवाला कलर्सकडे बोट दाखवू शकत होता. आता एका सहीवर दोन्ही जातात आणि क्रिकेटही जातं. घासाघिशीत याचं वजन किती, ते सांगायला नको.

आयोगाच्या मंजुरीसोबत अटी आल्या, काही वाहिन्या विकण्याच्या आणि क्रिकेटच्या जाहिरातींबाबतच्या. पण आयोग तुमच्या पॅकचा दर ठरवत नाही. १९ रुपये आणि ४५ टक्के या मर्यादा ट्रायच्या, त्या विलीनीकरणाने हलत नाहीत. हे दोन वेगळे दरवाजे आहेत, बातम्यांत ते कायम एकत्र घालतात.

झी-सोनीचं उदाहरण उलटं. करारावर सह्या २२ डिसेंबर २०२१ ला झाल्या. आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये बिग मॅजिक, झी ॲक्शन आणि झी क्लासिक विकायच्या अटीवर परवानगी दिली. न्यायाधिकरणाने १० ऑगस्ट २०२३ ला हिरवा कंदील दाखवला. आणि २२ जानेवारी २०२४ ला सोनीने करार रद्द केला, वर ९ कोटी डॉलरची मागणी. ऑगस्ट २०२४ मध्ये दोघांनी आपापले दावे मागे घेतले. सगळ्या मंजुऱ्या खिशात असूनही मोडू शकतं. तेव्हा "विलीनीकरण होणार आहे, थांबू या" या आशेवर कुठलाही पॅक धरून बसू नका.

आणखी एक जुना नियम बहुतेकांना माहीत नसतो: चॅनेल कंपनीला डीटीएच कंपनीत २० टक्क्यांहून जास्त हिस्सा ठेवता येत नाही, आणि उलटही. झी आणि डिश टीव्ही यांचे प्रवर्तक एकच असूनही कंपन्या दोन का होत्या, त्याचं एक मोठं कारण हेच.

अमेरिकेत चित्र वेगळं आहे. तिथे चॅनेल कंपनीवर सगळ्यांना एकाच दरपत्रकाने माल द्यायचं असं बंधन नाही, म्हणून भांडणं लांबतात. डिस्ने आणि डायरेक्टीव्हीचं १ ते १४ सप्टेंबर २०२४ असं दोन आठवडे चाललं, ऐन फुटबॉलच्या मोसमात. डायरेक्टीव्ही आणि डिश यांचं विलीनीकरण तर दोनदा मोडलं. २००२ मध्ये सरकारने अडवलं, आणि २०२४ मध्ये डिशच्या रोखेधारकांनी कर्जाची किंमत कमी करून घ्यायला नकार दिला म्हणून बारगळलं. (तिथल्या डिशचा आणि आपल्या डिश टीव्हीचा काही संबंध नाही. तिकडच्या नातेवाइकांशी बोलताना हा घोळ नेहमी होतो.)

मल्टीस्विच_मामा

एक पुरवणी. विलीनीकरणापेक्षा वाईट म्हणजे कंपनी *विकली* जाणं. २००८ मध्ये सुरू झालेली रिलायन्सची बिग टीव्ही २०१७ च्या अखेरीस विकली गेली, पुढे इंडिपेंडंट टीव्ही असं नाव आलं आणि मग सेवाच थांबली. बॉक्स दुसऱ्या कुठल्या कंपनीत चालत नाही, म्हणजे घरात उरला तो प्लास्टिकचा डबा. एकच बॉक्स सगळ्या कंपन्यांत चालावा अशी शिफारस ट्रायने एप्रिल २०२० मध्ये केली होती. ती शिफारसच राहिली.

तेव्हा वर्षाच्या रिचार्जबद्दल माझं मत असं: *खात्यात शिल्लक* ठेवणं आणि *लॉक-इन पॅक* (ठरावीक मुदतीसाठी बांधलेला) घेणं यात फरक करा. शिल्लक असेल तर पॅक हवा तेव्हा बदलता येतो, वाहिनी काढता येते. लॉक-इन पॅकमध्ये एखादा महिना फुकट मिळतो, पण मधेच एखादं नेटवर्क निघालं तर त्या महिन्याचा हिशोब काढत बसावं लागतं. घेतलाच तर ॲपमधल्या पावतीवर कालावधी, दर आणि वाहिन्यांची यादी या तिन्ही गोष्टी दिसतात का बघा. यादी नसेल तर घेतल्या दिवसाचा स्क्रीनशॉट काढून ठेवा.

पार्श्वभूमीला एकच आकडा देतो: ट्रायच्या नोंदीप्रमाणे पैसे भरून डीटीएच बघणारे सक्रिय ग्राहक मार्च २०२४ ला सुमारे ६.२० कोटी होते, मार्च २०२५ ला ५.६९ कोटी. वर्षात सुमारे ५० लाख कमी. म्हणजे चारही कंपन्यांना तुमची ३६ घरं एकगठ्ठा हवी आहेत. सोसायटीच्या नावाने दर मागा, मल्टीस्विचची देखभाल त्यातच बसवा.

तक्रार_क्रमांक

पैशांच्या परताव्याबद्दल. वाहिनी मंचावरूनच गेली तर त्या तारखेपासून तिचे पैसे घेता येत नाहीत. सुटी घेतली असेल तर हे सोपं आहे, ॲपमध्ये ती काढून टाका आणि दुसऱ्या दिवशी रोजची कपात कमी झाली का बघा. ती संचात होती तर वाद होतो, कारण कंपनी बदली वाहिनी देते आणि म्हणते फिटंफाट. बदली नको असेल तर तसं लेखी कळवा.

आधी टोल-फ्री किंवा ॲपवर तक्रार नोंदवून क्रमांक घ्या. क्रमांकाशिवाय झालेलं संभाषण पुढे कोणी मोजत नाही. मग राज्याचा नोडल अधिकारी, त्याचा पत्ता कंपनीच्या संकेतस्थळावर असतो. तिथेही अडलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, आणि शेवटी जिल्हा ग्राहक आयोग. दावा ५ लाखांपर्यंतचा असेल तर तिथे शुल्क नाही. ट्रायला वैयक्तिक तक्रार पाठवण्यात अर्थ नाही, ते निवाडा करत नाहीत.

टीडीसॅट म्हणजे दूरसंचार-प्रसारण वादांचं दिल्लीतलं न्यायाधिकरण, त्याबद्दल गैरसमज आहे. एकट्या ग्राहकाची तक्रार तिथे चालत नाही, पण *ग्राहकांचा गट* विरुद्ध सेवा देणारा असा वाद कायद्यात बसतो. ३६ घरं हा गट होतो. अर्थात वाहिनीमागच्या १९ रुपयांसाठी दिल्लीची वारी परवडत नाही. पण कंपनीला पाठवायच्या पत्रात हा उल्लेख असला की उत्तर लवकर येतं.

गच्चीवरची_छत्री

शेवटचं. तिसऱ्या खांबावर फ्री डिश लावून ठेवली तर? करार मोडला तरी निदान काहीतरी चालू राहील.

एलएनबी_१८व्होल्ट

लावा. ९३.५° पूर्व, जीसॅट-१५ उपग्रह, सह्याद्री कायम मिळतं, महिन्याचा खर्च शून्य. पण ते भांडणापासून मुक्त आहे असं समजू नका, तिथे भांडणाऐवजी लिलाव असतो. खासगी वाहिन्या जागेसाठी बोली लावतात, आणि वर्ष बदललं की १ एप्रिलला यादी बदलते. २०१९ मध्ये मोठ्या नेटवर्कनी आपल्या हिंदी वाहिन्या तिथून काढल्या, २०२० मध्ये परत आणल्या, आणि १ एप्रिल २०२२ ला स्टार उत्सव, झी अनमोल, कलर्स रिश्ते, सोनी पल पुन्हा गेल्या. त्यामुळे मार्च संपला की बॉक्सवर चॅनेल स्कॅन पुन्हा करावा लागतो, आपोआप येत नाही.

जोडताना एक बघा. मल्टीस्विचला चारच इनपुट असतील तर फ्री डिशला वेगळा मल्टीस्विच लागेल. डिश टीव्हीची छत्री ९५° वर आहे आणि फ्री डिश ९३.५° वर, म्हणून "तीच छत्री थोडी सरकवली की दोन्ही येतं" असं सांगणारे भेटतील. कोरड्या हवेत दोन्ही येतंही, पण दोन्ही काठावर. जूनच्या पहिल्या सरीत दोन्ही एकदम जातं आणि ३६ घरांचे फोन तुम्हालाच येतात. वेगळीच छत्री लावा, ६० सेंटिमीटरची पुरते, खांब ओळंब्यात बसवा आणि नट स्टेनलेसचे घ्या.